सूचक, अनुमोदक आणि सगुणामावशी

आमच्या उंबरशेत गावात अठ्ठावीस वर्षं एकही भांडण झालं नाही. याला लेखी पुरावा आहे. ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या वह्या काढून बघा, एकूण एक ठराव सर्वानुमते मंजूर झालेला दिसेल. पुरावा पक्का आहे, कारण तो मीच लिहिला आहे.

मी ग्रामपंचायतीचा क्लार्क. गाव लोणावळ्याच्या अंगालाच, त्यामुळे आमच्याकडे भातखाचरंही होती आणि स्विमिंग पूलवाले बंगलेही. दोघांनाही दाखले लागायचे आणि दोघंही "मुलाणी, जरा पटकन" म्हणायचे. जन्माचा दाखला, राहत असल्याचा दाखला, हयातीचा दाखला. समोर धडधाकट उभ्या असलेल्या माणसाला तो जिवंत आहे असं लिहून द्यायचं आणि वर शिक्का मारायचा. या कामात मला कधी कंटाळा आला नाही.

पण माझा खरा हातखंडा इतिवृत्तात. ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. तिथे विषय मांडायचा, चर्चा करायची, ठराव करायचा. ठराव मांडतो तो सूचक, त्याला पाठिंबा देतो तो अनुमोदक. कुणाचा विरोध असेल तर बाजूने किती, विरोधात किती आणि कोण, हे वहीत लिहायचं असा नियम. लिहायचं काम ग्रामसेवकाचं. पण आमच्या ग्रामसेवकांकडे कायम तीन गावं असायची. ते सभेला आले तरी त्यांचा हात मोटारसायकलच्या किल्लीवर असायचा. म्हणून वही माझ्याकडे.

ही विद्या मला दिली गेनूआबांनी. ते माझ्या आधीचे क्लार्क. पहिल्याच सभेत मी इमानदारीने विरोधकांची नावं लिहायला घेतली, तर आबांनी माझा हात धरला.

"आरं मुलाणी, भांडान व्हतं आन् सांजच्याला मिटतं. पर वहीत गेलं की मिटत न्हाई. उद्या नातवंडं वही काढून भांडत्याल. सर्वानुमते लिव्ह आन् मोकळा व्हय."

मी लिहिलं आणि मोकळा झालो. पुढे सवयच लागली. खोटं लिहितोय असं कधी वाटलं नाही, उलट गाव सांभाळतोय असं वाटायचं.

एक नमुना सांगतो. विषय क्रमांक चार, देवळासमोरचा दिव्याचा खांब. तो नेमका कुणाच्या दारात रोवायचा यावरून दोन चुलतभाऊ शाळेच्या बाकावर चढले. मी वहीत लिहिलं, 'साधकबाधक चर्चा होऊन'. साधक चर्चा थोडी झाली, बाधक बरीच झाली आणि तिच्यात धाकट्याच्या सदऱ्याची एक बाही गेली. शेवटी खांब दोघांच्या मध्ये रोवायचं ठरलं. थोरला सूचक, धाकटा अनुमोदक. धाकट्याने उरलेल्या एका बाहीनिशी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं एकाच टपरीवर चहा पीत होते. मला गेनूआबांचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

खरोखर सर्वानुमते झालेला ठराव मला एकच आठवतो. एका बंगल्याचे मालक शनिवार-रविवारी विश्रांतीला येत. शेजारच्या घरचा कोंबडा भल्या पहाटे आरवतो, तरी ग्रामपंचायतीने बंदोबस्त करावा, असा त्यांनी टाइप केलेला अर्ज दिला. सोबत कोंबड्याचा फोटो जोडला होता, ओळख पटावी म्हणून. अर्ज आला म्हणजे सभेपुढे ठेवणं आलं. मी तो वाचून दाखवला. सभा इतकी हसली की सरपंचांना टेबल बडवावं लागलं. 'कोंबडा ग्रामपंचायतीच्या अधिकारकक्षेत येत नसल्याचे अर्जदारास कळवावे' असा ठराव झाला. कोंबड्याचा मालक अनुमोदक व्हायला धावत आला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमती लिहा म्हणून सांगितलं होतं, त्या लिहून झाल्या. पुढचं मी माझ्या हौसेनं लिहितोय.

गावात बंगले वाढले, हॉटेलं वाढली, तसा कचरा वाढला. सोमवारी सकाळी ओढ्याकाठी प्लेटा आणि बाटल्यांचा ढीग लागायचा. उचलायला ग्रामपंचायतीकडे एक ट्रॅक्टर, आणि त्याची ट्रॉली आठवड्यातले चार दिवस वेल्डिंगला. एका ग्रामसभेत यावरून इतका गदारोळ झाला की आमचे सरपंच भाऊ उठून उभे राहिले. मनाने मोठा माणूस, पण रागात तोंड सुटायचं.

"काढा ठराव! गाव नगरपरिषदेत घाला म्हनावं. त्यांची घंटागाडी यिऊ द्या आपल्या दारात!"

टाळ्या पडल्या. कुठकुठली जमीन द्यायची त्याची यादी जागच्या जागी तयार झाली. गावठाण, रस्त्याच्या दोन्ही अंगांची जमीन, बंगल्यांचा पट्टा. टेपवाडी वगळली.

टेपवाडी ही आमचीच वाडी. गावातून पाऊलवाटेने पंचवीस मिनिटं चढून गेलं की टेपावर, म्हणजे टेकडीच्या माथ्यावर, सतरा घरं आहेत. भात, नाचणी आणि खालच्या हॉटेलांतली धुण्याभांड्याची कामं यावर वाडी चालते. पाणी मात्र उताराला असलेल्या झऱ्यावरून बायांनी डोक्यावर वाहायचं. तिथे नळ न्यायचं काम आदल्याच सभेत आराखड्यात पहिल्या नंबरला घेतलं होतं आणि पाइप अर्ध्या टेकडीपर्यंत पोचलाही होता. सरपंच भाऊंचं गणित सरळ होतं. एवढ्या चढावर पाणी न्यायचं म्हटलं तर नगरपरिषद आपल्याला घ्यायची नाही, तेव्हा वाडी तूर्त बाजूला ठेवू.

तेव्हा बायांच्या घोळक्यातून सगुणामावशी उठली. वाडीतली विधवा बाई, वयाने साठीच्या पुढं, उंचीने जेमतेम. आवाज मात्र माइकची गरज नसलेला.

"गाव चाललं नगरपरिषदंत, मंग वाडी कुनाची?"

"मावशी, वाडी हितंच हाय की. ती कुटं पळून जातीया?" सरपंच भाऊ म्हणाले. लोक हसले. मीही हसलो.

"हसू नगा. आमच्या नळाचं काय? जायाचं तर वाडीला संगं न्या, न्हाईतर कुनीच जाऊ नगा. माजा इरोध हाय. लिव्ह रं मुलाणी."

"लिहितो, मावशी," मी म्हणालो आणि लिहिलं, ठराव सर्वानुमते मंजूर.

हे लिहिताना माझा हात अडखळला असं आता सांगितलं तर वाचकांना बरं वाटेल. पण नाही अडखळला. मावशी चिडलीय, संध्याकाळपर्यंत शांत होईल, एवढंच माझ्या मनात आलं.

ठराव वर गेला आणि गाव तो विसरून गेलं. ट्रॉली दुरुस्त झाली, कचऱ्याचा राग निवला, वाडीचा पाइप मात्र होता तिथेच राहिला. पण आपण विसरलो तरी सरकारी फाइल चालतच असते. काही वर्षांनी एक दिवस प्रारूप अधिसूचना आली, म्हणजे सरकारने कच्चा हुकूम काढला. उंबरशेत नगरपरिषदेत जाणार, ग्रामपंचायत बरखास्त होणार. कुणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी. मी कार्यालयाच्या दारात उभं राहून जमिनीचे गट नंबर वाचून दाखवले. टेपवाडीचा एकही नंबर त्यात नव्हता. वाडी डोंगरापलीकडच्या ग्रामपंचायतीला जोडायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या टेबलापुढे.

"मुलाणी, हरकतीचा अर्ज लिवून दे. वाडीला गावासंगं घ्या म्हनावं. म्या भर सभंत इरोध केलता, त्ये बी लिव्ह."

गावातले निम्मे अर्ज मीच लिहायचो. हाही लिहिला, अगदी मन लावून. 'सदर ठरावास वाडीतर्फे ग्रामसभेत स्पष्ट विरोध नोंदविण्यात आला होता.' वहीत आपण काय लिहून ठेवलंय ते मला तेव्हा आठवलं नाही, असं नाही. पण जुनी वही कोण काढून बघतंय, असं वाटलं.

त्याच आठवड्यात दुसरा एक कागद तयार होत होता. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाला नगरपरिषदेत सामावून घ्यायचं, त्याची ती यादी होती. आम्ही सहाजण, माझं नाव दुसरं. ग्रामपंचायतीतली नोकरी म्हणजे दर निवडणुकीनंतर नव्या सरपंचाच्या तोंडाकडे बघणं. नगरपरिषदेत गेलो की नोकरी पक्की. मला दोन मुली, धाकटी तेव्हा नर्सिंगला होती. सेवापुस्तकावर एक डाग पडला असता तरी नाव यादीतून जायला वेळ लागला नसता.

सुनावणी वडगावला होती. अधिकारी तरुण होते आणि बोलायला फार नम्र. त्यांनी मावशीचा अर्ज वाचला, मग आमची वही मागून घेतली, त्या तारखेचं पान काढलं आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितले.

"मुलाणी कोण?"

मी पुढे झालो.

"दोन्हीकडे अक्षर तुमचंच ना? सुंदर अक्षर आहे. पण एका कागदावर सर्वानुमते म्हटलंय आणि दुसऱ्यावर विरोध. यातलं खरं कुठलं?"

अठ्ठावीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सरपंच भाऊ छताच्या पंख्याकडे बघू लागले. मावशी दाराशी उभी होती. हातात पिशवी, नजर माझ्यावर. मी काय बोलेन याची तिला काळजी नव्हती, कारण मी आता खरं सांगणार याची तिला खात्री होती. साहेबांच्या कोपराखाली ती यादी होती, तिचा कोपरा मला दिसत होता.

"वहीत आहे ते खरं, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी मावशीला विचारलं, "आजी, तुमच्याकडे विरोधाचा काही लेखी पुरावा आहे?"

"म्या उबी व्हते की, साहेब. समद्यांनी बगितलं."

"लेखी म्हणतोय मी."

तिने परत माझ्याकडे बघितलं. मग पिशवी काखेत मारली आणि साहेबांना हात जोडून बाहेर गेली.

वडगावहून लोणावळ्याच्या लोकलला आम्ही दोघंही चढलो. दुपारची वेळ, डबा रिकामा, टाळायला जागा भरपूर होती. ती आपणहून येऊन माझ्यासमोर बसली. कामशेत गेलं, मळवली गेलं. मग म्हणाली,

"तुजं नाव हाय का त्या यादीत?"

"आहे, मावशी."

"मंग ऱ्हाऊ दे."

एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी लोणावळ्याला उतरून चहा प्यालो असतो आणि कदाचित विसरूनही गेलो असतो. तिने मला माफ केलं ते मला सहन होईना. मला माझी लाज वाटली, आजही वाटते.

पक्का हुकूम निघाला. ग्रामपंचायतीचं दप्तर नगरपरिषदेच्या ताब्यात द्यायला मला दोन दिवस लागले. खुर्च्या, माइक, कपाट, लाल कापडात बांधलेल्या वह्या. ताबा घेणारे गृहस्थ प्रत्येक वस्तूला "चालू स्थितीत आहे का?" विचारायचे. माइकला मी हो म्हणालो, तेही खरं नव्हतं.

नगरपरिषदेत मला आवक-जावक खिडकी मिळाली. गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर पंखा, समोर काच. पूर्वी लोक चपला घालून थेट टेबलापर्यंत यायचे आणि माझ्या डब्यातली चटणी चाखून जायचे. आता तीच माणसं काचेच्या भोकात तोंड घालून "ओ साहेब" म्हणू लागली. गावात घंटागाडी आली. महिनाभर कौतुक झालं. मग ती फार सकाळी येते आणि तिच्या गाण्याने झोपमोड होते, अशी तक्रार आली. तक्रार घेऊन आले ते कोंबड्याचे मालक. मी ती आवकला नोंदवून घेतली.

टेपवाडीला मात्र साध्या दाखल्यासाठी डोंगराला वळसा घालून दोन गाड्या बदलून जावं लागतं. गावातलं कार्यालय पंचवीस मिनिटांवर, पण ते आता त्यांचं नाही. नळाचा पाइप अर्ध्या टेकडीवरच राहिला, त्याच्या तोंडाला टोपी बसवली. पलीकडच्या ग्रामपंचायतीला डोंगर ओलांडून पाणी आणणं जमण्यासारखं नव्हतंच. मावशी रोज दोन हंडे घेऊन त्या टोपी लावलेल्या पाइपावरून जाते.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी मी वाडीवर गेलो. निवृत्त माणसाच्या अंगात फार धैर्य येतं, कारण त्याचं आता कुणी काही काढून घेऊ शकत नाही. मावशीला म्हटलं, वाडीचा अर्ज पुन्हा करू, आणि या वेळी त्याला माझं प्रतिज्ञापत्र जोडू. तू विरोध केला होतास आणि मी तो लिहिला नाही, असं स्पष्ट लिहून देतो.

तिने कोरा चहा पुढे ठेवला. "आता लिव्हतोस व्हय?" म्हणाली.

मी चहा प्यालो. मग तिथेच बसून दोन्ही कागद लिहून काढले.

अर्ज वर जायचा तर तो आधी पलीकडच्या ग्रामसभेपुढे जायला हवा होता. ते वाडी सोडणार नाहीत हे उघड होतं. सतरा घरं म्हणजे मतं होती आणि आपल्या हद्दीतला डोंगर कुणी फुकट देत नाही. पण ठराव विरुद्ध गेला तरी वाडीचा विरोध नावानिशी वहीत आला, तर त्याची नक्कल घेऊन पुढे जिल्ह्याला दाद मागता येणार होती. वहीत पुन्हा सर्वानुमते आलं, तर वाडीची गोष्ट कायमची संपणार होती. हे मी मावशीला समजावून सांगितलं. तिला ते माझ्या आधी समजलं होतं.

सभेच्या दिवशी वाडीची माणसं दोन जीपमधून गेली. मी मागच्या बाकावर बसलो, कारण तिथला मतदार मी नव्हे. क्लार्क म्हणून पस्तिशीची एक बाई होती, हुशार दिसत होती. अक्षरही चांगलं. तिथल्या सरपंचांनी अर्ज वाचला, "वाडी आपलीच, आपन तिला कशी सोडायची?" म्हणाले. अर्ज नामंजूर करायच्या ठरावाला सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. क्लार्कबाईंचं पेन पुढे सरकलं. ते कुठल्या शब्दाकडे निघालंय हे मला मागच्या बाकावरून कळलं.

मावशी उठली.

"माजा इरोध हाय. नाव घालून लिव्ह."

"लिवत्याल, मावशी. बसा तुमी," सरपंच म्हणाले.

"आदी लिव्हू द्या. मंग मोठ्यानं वाचू द्या. मंग बसते."

सभेत खसखस पिकली. एकजण म्हणाला, आजी, पाय दुखतील. ती उभीच राहिली. मग वाडीच्या बाया एकेक करून तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. हसणं बंद झालं. क्लार्कबाई गोंधळल्या. मी जुना क्लार्क आहे हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, त्या मागे वळून म्हणाल्या,

"काका, विरोध कसा लिहायचा असतो हो? आमच्याकडे कधी वेळच आली नाही."

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. ग्रामपंचायतीची वही अठ्ठावीस वर्षं माझ्याकडे, आणि मीही तो कधी लिहिला नव्हता. मी पुस्तकातला नियम आठवून आठवून सांगितला. आधी बाजूने किती ते, मग विरोधात किती, मग विरोध करणाऱ्यांची पूर्ण नावं, शेवटी बहुमताने. त्या लिहीत गेल्या. नावं सांगायला मावशीच पुढे होती, एकेका बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. लिहून झाल्यावर क्लार्कबाईंनी खणखणीत आवाजात सगळं वाचून दाखवलं. विरोधात एकवीस. पहिलं नाव सगुणामावशीचं. तिचं नाव सभेत असं वाचलेलं ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलाजवळ गेली, त्या ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं,

"आता ह्ये कुनाला पुसता येत न्हाई न्हवं?"

"नाही मावशी, आता नाही पुसता येत," मी मागून म्हणालो.

तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"तुला न्हाई इचारलं, मुलाणी," ती म्हणाली आणि क्लार्कबाईंच्या उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली.